सेवा आटोपली, आता घरी: नाताळाच्या तोंडावर आलेली पत्रं

या वेळच्या टपालात पाळकांची, पाळकांच्या घरच्यांची आणि मंडळीच्या (म्हणजे चर्चच्या) पंचांची पत्रं आहेत. मी समुपदेशन करते आणि वाढलेय पाळकाच्याच घरात. त्यामुळे ही पत्रं मला व्यासपीठाच्या बाजूनंही वाचता येतात आणि स्वयंपाकघराच्या बाजूनंही. लिहिणाऱ्यांची ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

प्रश्न: ताई, सप्रेम सलाम. डिसेंबर लागला की माझ्या संध्याकाळी घरोघरच्या गीतगायनात जातात. त्यानंतर गायनमंडळाची तालीम, रविवारच्या शाळेचं नाटक, आजाऱ्यांच्या भेटी. मग 24 ची रात्र, 25 ची सकाळ, 31 ची रात्र आणि 1 जानेवारीची उपासना. दरवर्षी 26 तारखेला मी ताप घेऊन पडतो. गेल्या वर्षी तालमीत ऑर्गन वाजवणाऱ्या भावावर सगळ्यांदेखत ओरडलो. विश्रांती हवीशी वाटते, पण प्रभूच्या जन्माच्या दिवसांत स्वतःचा विचार करणं पाचारणाला, देवानं सेवेसाठी दिलेल्या हाकेला, शोभतं का? — एक पाळक

उत्तर: भाऊ, सलाम. लूकच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय तुम्ही या दिवसांत वाचालच. त्यातलं तेविसावं वचन आपण बहुतेक वेळा ओलांडून पुढे जातो. जखऱ्याला मंदिरात देवदूताचं दर्शन झालं, त्याची वाचा गेली, बाहेर लोक ताटकळले. आणि मग सेवेचे दिवस पूर्ण झाल्यावर तो आपल्या घरी गेला. ख्रिस्तजन्माची कथा लूक एका याजकापासून सुरू करतो, आणि तो याजक नेमून दिलेली सेवा करून पत्नी अलीशिबेकडे परततो. एवढं मोठं दर्शन झालं म्हणून मंदिरातला मुक्काम त्यानं वाढवला नाही.

त्याला हे करता आलं, कारण तशी व्यवस्था आधीपासून होती. बायबलमधल्या 'पहिला इतिहास' या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात याजकांचे 24 वर्ग नेमलेले आहेत. जखऱ्याचा अबीयाचा वर्ग त्यात आठवा. एका वर्गाचे दिवस संपले की पुढचा वर्ग यायचा. धूप जळत राहायचा, जाळणारे हात बदलायचे. घरी जाण्यासाठी जखऱ्याला कुणाची मनधरणी करावी लागली नाही, मनात अपराधी वाटून घ्यावं लागलं नाही. तुमच्या पत्रात मला हेच कमी दिसतं. तुमची विश्रांती तुमच्या धाडसावर सोडलेली आहे, आणि डिसेंबरच्या मध्यावर थकलेल्या माणसाकडे तेवढं धाडस उरत नाही. ती आगमन काळाआधी, म्हणजे नाताळाआधीचे चार रविवार सुरू होण्यापूर्वी, सगळ्यांच्या संमतीनं, कागदावर ठरायला हवी.

आगमन काळाचा पहिला रविवार 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर यांच्या दरम्यान येतो. त्यामुळे हा काळ कधी 28 दिवसांचा असतो, तर कधी 22 दिवसांचाच. 2023 मध्ये चौथा रविवार आणि नाताळची पूर्वसंध्या एकाच तारखेला आली होती. सकाळी एक उपासना, रात्री दुसरी, दुसऱ्या दिवशी तिसरी. 2028 मध्ये पुन्हा तसंच आहे. 2027 मध्ये नाताळ शनिवारी आहे, म्हणजे शुक्रवारची रात्र, शनिवार आणि लगेच रविवार. हे सगळं कितीतरी आधी कळतं. तेव्हा ऑक्टोबर संपायच्या आत पंचांबरोबर दिनदर्शिका घेऊन बसा. आधी झोपेच्या रात्री आणि घरच्या संध्याकाळी लिहा. उरलेल्या जागेत कार्यक्रम बसवा. जे बसत नाहीत ते या वर्षी नकोत, किंवा दुसऱ्या कुणीतरी चालवावेत. गीतगायनाच्या प्रत्येक फेरीत पाळक असलाच पाहिजे असं शास्त्रात कुठंही नाही.

24 च्या रात्री तुम्ही संदेश देणार असाल, तर 25 च्या सकाळचा दुसऱ्याकडे द्या: वडीलजन, सेवानिवृत्त पाळक, संदेश देऊ शकणारी एखादी भगिनी. दोन्ही तुम्हीच देणार असाल तर ते नोव्हेंबरातच लिहून ठेवा, 31 तारखेचाही. चार रविवारांना चार स्वतंत्र विषय शोधू नका. एकाच अध्यायातून महिनाभर चाललात तर तयारी निम्म्यावर येते, आणि ऐकणाऱ्यांनाही सलग काहीतरी हाती लागतं.

आता 26 तारखेचा ताप. त्याचं कारण एकदा डॉक्टरांना तपासू द्या. पण तुमचं वेळापत्रक पाहता त्यात झोपेला जागाच दिसत नाही. प्रौढ माणसाला रात्री किमान सात तास झोप हवी, असं निद्रातज्ज्ञ सांगतात. संदेष्टा एलीया रतामाच्या झुडुपाखाली 'आता पुरे' म्हणून मरण मागत होता. त्या वेळी देवानं त्याला आधी झोपू दिलं, मग देवदूताकरवी भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खायला घातलं. 'तू इथं काय करतोस?' हा प्रश्न तो होरेब डोंगरावर पोचेपर्यंत थांबला. त्यामुळे 26 ला स्वतःच्या आत्मिक स्थितीची झाडाझडती घेऊ नका. झोपा. आणि खरी सुटी 6 जानेवारीनंतर, प्रकटीकरणाचा सण झाल्यावर घ्या. 26 ते 30 मध्ये तुमच्या डोक्यात 31 चा संदेश फिरत असतो, ती सुटी नव्हे. कॅथलिक मंडळीच्या 1983 च्या धर्मविधी संहितेनं धर्मग्रामाच्या मुख्य धर्मगुरूला वर्षाकाठी एक महिन्यापर्यंत सुटी मान्य केली आहे, आणि वार्षिक आध्यात्मिक साधनेचे दिवस त्यातून वजा होत नाहीत. तुमच्या मंडळीच्या घटनेत असं काही नसेल तर ते यावं म्हणून ठराव मांडा. तुमच्यानंतर येणाऱ्या पाळकालाही त्याचा उपयोग होईल.

ऑर्गन वाजवणाऱ्या भावाकडे मात्र या आठवड्यातच जा. 'मी तुमच्यावर सगळ्यांसमोर ओरडलो, ते चुकलं, क्षमा करा.' एवढंच म्हणा. 'फार दमलो होतो' हे पुढे जोडू नका. ते खरं असलं तरी क्षमेला अट लागल्यासारखं होतं. ओरडणं सगळ्यांदेखत झालं, म्हणून क्षमाही पुढच्या तालमीत सगळ्यांदेखत मागा.

प्रश्न: ताई, माझे पती पाळक आहेत. नाताळात ते सगळ्यांशी गोड बोलतात आणि घरी आल्यावर एक शब्द नाही. नाटकाचे पोशाख मी शिवते, फोन मी घेते, त्यांच्याबद्दलच्या तक्रारीही लोक मलाच सांगतात. मुलं विचारतात, 'आपला नाताळ कधी?' रात्री बोलायला गेले की भांडण होतं. — एक पाळकीणबाई

उत्तर: बाई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. आधी मुलांचा प्रश्न घेऊ, कारण तो सर्वांत सोपा आहे आणि त्याचं उत्तर देणं सर्वांत जास्त राहून जातं. मंडळीच्या जुन्या परंपरेत नाताळ 25 ला संपत नाही, तिथून सुरू होतो आणि बारा दिवस चालतो. तुमच्या घरचा नाताळ 27 ला असू दे, नाहीतर 2 जानेवारीला. पण तारीख आजच ठरवा आणि मुलांच्या हातानं दिनदर्शिकेवर लिहून घ्या. माझी आई नोव्हेंबरातच दोन संध्याकाळी लाल पेन्सिलीनं वेढून ठेवायची आणि मंडळीच्या चिटणिसांना तसं कळवायची. त्या संध्याकाळी वडील आमचे असत. त्यातली एखादी एका मयतीमुळे गेली तर तिच्या बदल्यात दुसरी तारीख त्याच दिवशी लिहिली जाई. मुलांना मयतीचं कारण समजतं. त्यांना खुपतं ते बदल्यातला दिवस कधीच न येणं.

रात्रीच्या भांडणाबद्दल. उपासनेहून परतलेला माणूस दोन-तीन तास लोकांच्या सुखदुःखात उभा राहून आलेला असतो, आणि तुम्ही दिवसभर घर आणि मंडळी दोन्ही उचललेली असते. त्या वेळी दोघांपैकी कुणाकडेही ऐकण्याचं बळ नसतं. अकरानंतर कुठलाही वादाचा विषय काढायचा नाही, असा दोघांत करार करा. त्याऐवजी सकाळी, फोन सुरू करण्याआधी, पंधरा मिनिटं बसा. त्यात मंडळीचा विषय नको. आज तुला सगळ्यात जड काय जाणार आहे, आणि त्यातलं मी काय उचलू, एवढंच एकमेकांना विचारा. त्यांनी तुम्हाला विचारणंही तितकंच गरजेचं आहे. हे उत्तर त्यांनाही वाचायला द्या.

तक्रारी घेऊन येणाऱ्यांना हसून एकच वाक्य सांगा: 'हे तुम्ही त्यांनाच सांगा, मी निरोप पोचवत नाही.' पहिल्यांदा म्हणताना अवघड वाटेल. पण पती-पत्नीच्या मध्ये दुसऱ्यांचा राग आणून ठेवणारी ही वाट बंद झालीच पाहिजे, ती नातं आतून पोखरते. पोशाखांचं काम तुम्हाला मनापासून आवडत असेल तर ठेवा. पाळकाची बायको म्हणून आपोआप गळ्यात पडलं असेल तर रविवारच्या शाळेच्या पालकांकडे द्या. मंडळीनं पाचारण तुमच्या पतीला दिलं आहे. तुमची सेवा तुम्ही निवडायची.

आणि एक गोष्ट, तुम्ही लिहिलेली नसली तरी. घरात नुसता अबोला नसून धाक असेल, वस्तू फेकल्या जात असतील, हात उगारला जात असेल, तर त्याला दगदग म्हणू नका. सेवेची बदनामी होईल म्हणून गप्पही राहू नका. मंडळीबाहेरच्या एखाद्या विश्वासू व्यक्तीला किंवा समुपदेशकाला आजच गाठा.

प्रश्न: मी अविवाहित धर्मगुरू आहे. पंचवीस तारखेला शेकडो लोक हात मिळवतात आणि रात्री निवासात मी एकटा असतो. त्या आठवड्यात एका विधवा भगिनीचे मला उशिरा संदेश येतात. तिचं दुःख खरं आहे. मी उत्तर देतो, आणि मलाही त्या संदेशांची वाट बघावीशी वाटू लागली आहे. — एक वाचक

उत्तर: फादर, शेवटचं वाक्य लिहिलंत, फार बरं केलंत. तुम्ही काही वावगं केलेलं नाही. पण तुम्ही तिच्या आधाराचं ठिकाण आहात, आणि तुमच्या एकटेपणाचा भार तिच्यावर येऊ लागला तर तिचा आधारच जाईल. तुम्हा दोघांतला अधिकार सारखा नाही, म्हणून मर्यादा सांभाळायची जबाबदारी तुमची. रात्री नवानंतर उत्तर देऊ नका. तिला सकाळी कळवा की भेटायचं असेल तर दिवसा, कार्यालयात, आसपास माणसं असताना भेटू. शोक करणाऱ्यांसाठी मंडळीतल्या एक-दोन समंजस स्त्रियांशीही तिची गाठ घालून द्या. आणि हे सगळं एखाद्या ज्येष्ठ धर्मगुरूला सांगून ठेवा. सांगितलेल्या गोष्टीची पकड सैल होते.

तुमच्या एकटेपणाला मात्र वेगळं घर हवं. 25 च्या संध्याकाळसाठी आधीच कुणाशी तरी ठरवा: दुसरे धर्मगुरू, बहिणीचं कुटुंब, जिथं तुम्हाला कुणी आशीर्वाद मागणार नाही असा जुना मित्र. बाराव्या शतकात क्लेअरवोच्या मठाचा प्रमुख बर्नार्ड यानं, एके काळी आपल्या मठात असलेल्या पोप युजीन तिसरे यांना कामाच्या गर्दीबद्दल कळवळून लिहिलं होतं. त्याचा आशय असा, की तुम्ही सगळ्यांचे आहात तर स्वतःचेही व्हा. पोपला हा सल्ला लागला, तर आपल्यालाही लागेल.

स्वतःवर लक्षही ठेवा. शक्ती संपणं, कामाबद्दल मनात दुरावा किंवा कडवटपणा येणं, हातून काही नीट होत नाही असं वाटणं, या तीन खुणा जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये कामाच्या ताणानं येणाऱ्या थकव्याचं वर्णन करताना दिल्या आहेत. पण दोन आठवडे सलग उदास वाटलं, कशातच मन लागेनासं झालं, तर तो नुसता थकवा समजू नका, डॉक्टरांकडे जा. जीव नकोसा झाला असं मनात आलं तर त्याच क्षणी कुणाला तरी सांगा, रात्र असली तरी.

प्रश्न: आमचे पाळक कुणालाच नाही म्हणत नाहीत. नाताळाची भेट म्हणून पंच कमिटीनं त्यांना काय द्यावं? — एक पंच

उत्तर: नाताळानंतरचा रविवार द्या. त्या दिवशीची उपासना दुसऱ्या कुणाकडे सोपवा आणि पाळकांना कुटुंबासह मोकळं सोडा. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत न्यायनिवाडा करत बसला, तेव्हा 'तूही थकशील आणि हे लोकही थकतील' असं त्याचा सासरा इथ्रोनं त्याला सांगितलं आणि हजार, शंभर, पन्नास, दहा माणसांवर नायक नेमायला लावले. बाहेरून आलेल्या माणसाला ते एका दिवसात दिसलं. तुम्हालाही दिसलं आहे, मग पाळकांनी तोंड उघडायची वाट पाहू नका.

आणखी दोन ठराव करा. खुर्च्या, ध्वनिक्षेपक, जेवणाचा हिशेब यांसाठी पाळकांना कुणीही फोन करायचा नाही, त्या कामांना माणसं नेमलेली असतील. आणि 15 जानेवारीपर्यंत कार्यक्रमांवरची टीका कमिटीत येणार नाही. सूचना लिहून ठेवा, तोवर त्यातल्या पुष्कळ आपोआप गळून पडतील. नाताळानंतर लगेच तीन दिवसांचा विसावाही द्या, मोठी सुटी 6 जानेवारीनंतरच. त्या तीन दिवसांसाठीचा मजकूर मी लिहून देते, हवा तर वापरा:

'26 ते 28 डिसेंबर पाळकसाहेब सुटीवर आहेत. मृत्यू, गंभीर आजार किंवा अपघात असल्यास चिटणिसांना फोन करावा, ते भेटीची व्यवस्था करतील. इतर सर्व कामं 29 तारखेपासून. या तीन दिवसांत पाळकांच्या घरी भेटायला जाऊ नये, ही विनंती.'

ही सूचना चिटणिसांनी वाचावी. पाळकांना स्वतःच्या सुटीची घोषणा स्वतः करायला लावू नका.