हा ‘एल्स’ कोणत्या ‘इफ’चा?

प्रश्न : गावच्या वाचनालयासाठी सी भाषेत छोटा प्रोग्राम लिहिलाय. सभासदाने पुस्तक १४ दिवसांपेक्षा जास्त ठेवलं तर दंड, आणि सभासद नसलेल्याकडून अनामत. (इफ म्हणजे ‘जर’, एल्स म्हणजे ‘नाहीतर’.)

इफ (सभासद)
    इफ (दिवस > १४)
        दंड = ५;
एल्स
    अनामत = १००;

एरर येत नाही, पण वेळेवर पुस्तक आणणाऱ्या सभासदांनाच अनामत लागते, बाहेरच्यांना काहीच नाही. एल्स तर मी पहिल्या इफच्या बरोबर खाली लिहिलाय!
— एक वाचक, कराड

उत्तर : तुमचा विचार बरोबर आहे, पण सी भाषा समास, म्हणजे ओळीआधी सोडलेली मोकळी जागा, बघतच नाही. तिच्या लेखी हे सगळं सलग लिहिलेलं, आणि सलग वाचलं तर एल्स दोन्ही इफना लागू शकतो. मग नियम असा, की एल्स न मिळालेला सगळ्यात जवळचा इफ असेल त्याचा तो. इथे तो दिवसांचा इफ. म्हणून वेळेवर येणारा सभासद एल्समध्ये शिरतो, आणि सभासद नसलेला पहिल्याच अटीवर बाहेर पडतो.

हा घोळ अल्गोल ६० या जुन्या प्रोग्रामिंग भाषेपासूनचा, ‘डँगलिंग एल्स’ (लोंबकळता एल्स) नावाने प्रसिद्ध. अल्गोल ६८ ने प्रत्येक इफ ‘फाय’ने बंद करायला लावून तो मुळातूनच मिटवला. शेल स्क्रिप्टमध्ये आजही तोच ‘फाय’ लिहितात. गो आणि रस्ट या भाषांमध्ये महिरपी कंस सक्तीचे आहेत. पायथनमध्ये तर तुमची हीच मांडणी तुम्हाला हवी तशी चालली असती, कारण तिथे समास व्याकरणातच धरतात.

मला खरा राग येतो तो नोट्स लिहिणाऱ्यांचा. ‘इफ (अट) विधान [एल्स विधान]’ एवढं छापून मोकळे होतात. चौकोनी कंस म्हणजे तो भाग ऐच्छिक, आणि संदिग्धता नेमकी त्या ऐच्छिकपणातूनच येते. कर्निहन आणि रिची यांनी सी भाषेवरच्या १९७८ च्या पुस्तकात जवळच्या इफचा नियम उदाहरणासह सांगितला आहे. तो गाळून वाक्यरचना शिकवणं मला अजिबात पटत नाही.

आता पहिल्या इफनंतर महिरपी कंस उघडा आणि एल्सच्या आधी बंद करा. एका ओळीच्या इफलाही कंस घालत जा. जीसीसी हा कंपायलर वापरत असाल तर कंपाइल करताना ‘-वॉल’ (-Wall) पर्याय लावा, अशा एल्सवर तो स्वतःहून इशारा देतो.