पोस्टल वोट एकदा केला की कायमचा, असं आता नाहीये

ब्रिटनमधले पोस्टल (टपालाने द्यायचा) आणि प्रॉक्सी (आपल्या वतीने दुसऱ्याने जाऊन द्यायचा) वोटच्या अर्जाचे नियम बदलून तशी दोन वर्षं उलटली, पण त्याचा फटका आपल्या लोकांना आत्ता बसायला लागलाय असं या वेळच्या पत्रांवरून दिसतंय. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात, आज फक्त हेच.

प्रश्न : आईचं वय ८१. दहा-बारा वर्षं तिचा पोस्टल वोट घरी येतो. मागे कौन्सिलचं (म्हणजे इथल्या पालिकेचं) काहीतरी पत्र आलं होतं, ते तिने न वाचताच रद्दीत टाकलं. आता शेजारी म्हणतात की पोस्टल वोट बंद झाला असेल. मग तिचं मतच गेलं का? – एक वाचक, लेस्टर

उत्तर : नाही हो, मत नाही गेलं. यादीत नाव आहे ना, मग मत आहे. गेली असेल ती घरी कागद यायची सोय, आणि ती परत मिळते, फक्त निवडणूक जवळ येईपर्यंत थांबू नका.

झालं काय, की इलेक्शन्स ॲक्ट २०२२ आला आणि त्याखाली ३१ ऑक्टोबर २०२३ पासून पोस्टल वोट जास्तीत जास्त ३ वर्षांसाठीच मिळायला लागला, त्याआधी एकदा अर्ज केला की चालूच राहायचं, दर ५ वर्षांनी सही तेवढी नव्याने मागायचे. ज्यांचे अर्ज जुने होते त्यांना ३१ जानेवारी २०२६ पर्यंत मुदत होती, तुमच्या आईंनी टाकलेलं पत्र बहुतेक त्याचंच असणार. मला या नियमातली हीच गोष्ट खटकते, तरुण माणूस फोनवर पाच मिनिटांत अर्ज करून मोकळा होतो, पण ज्या म्हाताऱ्या माणसाला पोस्टल वोटची खरी गरज आहे त्याचंच एक पत्र हुकतं आणि निवडणुकीच्या आठवड्यात कळतं की या वेळी काही आलंच नाही. तेव्हा या रविवारी आईंकडे जाल तेव्हा त्यांच्या शेजारी बसूनच अर्ज करून टाका. (हे पार्लमेंटच्या आणि इंग्लंडमधल्या कौन्सिलच्या निवडणुकांचं, स्कॉटलंड-वेल्सच्या आपापल्या निवडणुकांचं वेगळं आहे, तिकडच्या वाचकांनी तिथल्या निवडणूक ऑफिसला विचारा.)

अर्ज ऑनलाइन होतो, कागदावरही चालतो. जन्मतारीख आणि नॅशनल इन्शुरन्स नंबर (नोकरी-पेन्शनसाठी सरकार देतं तो) लागतो, हा नंबर पूर्वी लागत नव्हता. सहीसाठी साधा पांढरा कागद घ्या, काळ्या पेनने सही करायला सांगा, तिचा नीट उजेडात फोटो काढून अपलोड करा. आई मराठीत सही करत असतील तर मराठीतच करू देत, मोडी वळण असलं तरी हरकत नाही, फक्त पुढे मतपत्रिकेबरोबर जो फॉर्म येतो त्यावरही हुबेहूब तीच सही हवी, कारण दोन्ही सह्या ताडून बघतात. हात थरथरत असेल आणि सही दरवेळी वेगळी येत असेल तर सहीतून सूट मागता येते, तेही अर्जातच सांगायचं. आणि एक कळकळीने सांगते, त्या फॉर्मवर जन्मतारखेचा रकाना असतो, तिथे लोक आजची तारीख लिहून बसतात आणि मत बाद होतं. आईंना तो रकाना बोट ठेवून दाखवा.

पोस्टल वोटच्या अर्जाची शेवटची वेळ मतदानाच्या ११ कामाचे दिवस आधी, संध्याकाळी ५. पण तेवढं ताणू नका.

प्रश्न : भारतात घरचं लग्न आहे, नेमकं मतदानाच्या आठवड्यात. आईबाबा, दादा आणि वहिनी चौघंही जातायत, मी इथेच आहे. चौघांची प्रॉक्सी मी होऊ का? आधी मी असं केलेलं आहे. – हॅरोहून एक ताई

उत्तर : आधी केलंत ते बरोबरच होतं ताई, जवळच्या नातेवाइकांसाठी तेव्हा आकड्याची मर्यादा नव्हती. आता आहे. एका माणसाला जास्तीत जास्त ४ जणांची प्रॉक्सी होता येतं, आणि त्यातले इथेच राहणारे मतदार २ च चालतात, उरलेले परदेशी राहणारे मतदार किंवा सैन्यातले वगैरे असावे लागतात. तुमचे चौघंही इथलेच, म्हणजे तुम्ही दोघांच्या, दुसऱ्या दोघांसाठी तुमच्या मिस्टरांना किंवा एखाद्या भरवशाच्या मैत्रिणीला सांगा, त्यांना स्वतःला इथे मत देता येत असलं म्हणजे झालं. काहींना हा नियम जाचक वाटतो, मला वाटत नाही, कारण घरातल्या एकाच माणसाने सगळ्यांची मतं ‘सांभाळायची’ हे आपल्याकडे किती सहज होतं ते आपल्याला माहीत आहे.

अर्ज मात्र ज्याचं मत त्यानेच करायचा, मतदानाच्या ६ कामाचे दिवस आधी संध्याकाळी ५ पर्यंत. मतदानाच्या दिवशी त्यांच्या पोलिंग स्टेशनला जायचं, तुमच्या नव्हे, आणि फोटो आयडी दाखवायचा तो तुमचा. पोस्टल वोट भारतात मागवायचा विचार असेल तर मी तरी सांगणार नाही, भरलेली मतपत्रिका मतदानाच्या रात्री १० च्या आत इथे पोचावी लागते, आणि एवढ्या थोड्या दिवसांत टपालाचं जाणं-येणं जमेलच असं नाही.

प्रश्न : मी मास्टर्सला आलोय, इंडियन पासपोर्ट, नॅशनल इन्शुरन्स नंबर अजून नाही. पोस्टल वोट मागू शकतो का? – विद्यार्थी, कॉव्हेंट्री

उत्तर : हो. इथे राहणाऱ्या कॉमनवेल्थ नागरिकांना मत आहे, व्हिसा चालू असला की झालं. आधी यादीत नाव घाल. अर्जात नंबर नाही असं लिहायचं आणि कारण द्यायचं, मग ते ओळखीची कागदपत्रं मागतात. प्रत्यक्ष जाऊन मत दिलंस तरी आपला पासपोर्ट फोटो आयडी म्हणून चालतो.

प्रश्न : आमच्या बिल्डिंगमधल्या सात-आठ आजी-आजोबांची पोस्टल पाकिटं मी दरवेळी कौन्सिलच्या दारातल्या पेटीत टाकून येतो. यात काही चूक? – वाचक, स्लाव

उत्तर : दादा, हेतू सोन्यासारखा आहे पण ते थांबवा, नाहीतर सगळ्यांची मतं बाद व्हायची. २ मे २०२४ च्या निवडणुकांपासून कौन्सिलच्या पेटीत नुसती सोडलेली पाकिटं मोजत नाहीत. कौन्सिल ऑफिसात किंवा पोलिंग स्टेशनला हातात द्यायची, स्वतःचं एक आणि वर दुसऱ्यांची ५ च, आणि तिथे एक फॉर्म भरायचा ज्यात तुमचं नाव, पत्ता आणि दुसऱ्यांची का आणलीत ते लिहावं लागतं. फॉर्म भरला नाही तर घेत नाहीत. पाचाच्या वर दिलीत तर तुमचं स्वतःचं सोडून बाकी सगळी बाद होतात, म्हणजे सहावं एक पाकीट घेतल्याने आधीची पाचही गेली. तुम्ही कुठल्या पार्टीच्या प्रचारात असाल तर घरच्यांची किंवा ज्यांची नेमाने देखभाल करता त्यांची सोडून बाकी कुणाची पाकिटं हातातसुद्धा घेऊ नका, तो गुन्हा आहे. तुमच्या बाबतीत सगळ्यात सोपं म्हणजे रस्त्यावरची लाल टपालपेटी, साध्या शेजाऱ्याला तिथे पाचाचं बंधन नाही, फक्त चार-पाच दिवस आधी टाका.