समुद्र दारात आल्यावर आशा ठेवायची म्हणजे काय करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: किनारा दरवर्षी तुटतोय, पावसात घरात पाणी शिरतं, तरी तुम्ही ख्रिस्ती लोक आशा आहे म्हणता. म्हणजे नक्की काय करता, प्रार्थना करून वाट बघता?

मी वसईचा, कॅथलिक. रविवारची मिस्सा सुटली की आम्ही पोरं किनाऱ्यावरच्या सुरूच्या बागेत क्रिकेट खेळायचो. त्या खेळपट्टीवर आता भरतीचं पाणी असतं. सुरूची झाडं आडवी पडली आहेत, मुळं उघडी, मुळांत जाळ्यांचे तुकडे अडकलेले. वैतरणा नदीच्या मुखाशी आणि किनाऱ्यावर वर्षानुवर्षं वाळू उपसली गेली. नवी वाळू येईना, तशा लाटा आहे तीच खाऊ लागल्या. बंधारा घातला की त्याच्या मागची घरं वाचतात, पण मार शेजारच्या उघड्या किनाऱ्याला बसतो.

पुराचं गणित वेगळं. पूर्वेला तुंगारेश्वरचा डोंगर, दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा, पश्चिमेला समुद्र. मोठा पाऊस आणि उधाणाची भरती एकाच वेळी आली की पाण्याला बाहेर जायला वाटच नसते. पूर्वी ते सखल शेतांत आणि मिठागरांत ओहोटीची वाट बघत थांबायचं. आपण त्यातल्या बऱ्याच जागांवर भराव टाकले. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याजवळ वडोदरा एक्सप्रेस पाण्यात अडकली आणि प्रवाशांना काढायला एनडीआरएफची पथकं आली. त्या दिवसांत आमच्याकडे वीज नव्हती, आल्तारासमोरच्या, म्हणजे वेदीसमोरच्या, मेणबत्त्यासुद्धा संपल्या.

अशा वेळी कुणीतरी बायबलमधल्या नोहाचं इंद्रधनुष्य आठवून देतं. मला ते तेवढ्यापुरतं पटत नाही. पुन्हा जलप्रलयाने पृथ्वीचा नाश करणार नाही, असं वचन देवाने दिलं. नाल्यावर इमारती बांधल्या तरी पाणी तुंबू देणार नाही, असं त्याने कुठेही म्हटलेलं नाही.

मला धरून ठेवतो तो बायबलमधला संदेष्टा यिर्मया. अध्याय ३२ वाचा. बाबेलच्या, म्हणजे बॅबिलोनच्या, सैन्याने यरुशलेमला वेढा घातलाय, संदेष्टा स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे, शहर पडणार हे त्यानेच सांगून ठेवलंय. आणि हा माणूस अनाथोथमधलं चुलतभावाचं शेत १७ शेकेल चांदी मोजून विकत घेतो! साक्षीदार बोलावतो, चांदी तराजूत तोलून देतो, खरेदीखत पुष्कळ दिवस टिकावं म्हणून मातीच्या मडक्यात ठेवायला लावतो. इथे पुन्हा घरं, शेतं, द्राक्षमळे विकत घेतले जातील, असं देवाने सांगितलंय म्हणून. पुढे शहर पडलंच. आशेने वेढा उठला नाही, पण खरेदीखत झालं होतं.

आमचं खरेदीखत म्हणजे बावखल. वसईबाहेरच्यांसाठी सांगतो: बावखल म्हणजे वाडीतलं खोदलेलं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं, जमिनीत मुरतं आणि समुद्राकडून आत सरकणारं खारं पाणी मागे रेटतं. जमिनीला भाव आला तशी कितीतरी बावखलं बुजवली गेली. वर मोटारी लावून विहिरींचा उपसा सुरू झाला. आमच्या विहिरीचं पाणी मचूळ होऊन आता बरीच वर्षं झाली. पानवेल गेली, केळी कशीबशी तग धरून आहेत.

चर्चमधल्या तरुण मंडळींनी एका मे महिन्यात आमच्या आळीतलं बावखल साफ करायला घेतलं. चिखलातून काय काय निघालं: फ्रिजचं दार, थर्माकोल, लग्नाच्या पत्रावळी, कुणाचं तरी दप्तर. मी पन्नाशीतला माणूस, घमेली पुढे सरकवण्यापुरता कामाचा. चौथ्या दिवशी एका कोपऱ्यात उभा होतो, तर पायाला एकदम गार लागलं. झरा. शेजारच्या म्हाताऱ्या काकांनी ओंजळीत घेऊन जिभेला लावलं आणि म्हणाले, "गोडं आहे."

प्रार्थना करतो का? करतो. पण आमच्याकडे प्रार्थनेबरोबर रस्त्यावर उतरायचीही रीत आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या माध्यमातून इथल्या हिरव्या पट्ट्यासाठी आणि पाण्यासाठी लढा दिला. पुढे २०२० मध्ये ते उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले म्हणून महाराष्ट्राला माहीत, आम्हाला त्याआधीचे मोर्चे आठवतात.

एक मात्र सांगतो. ज्याचं घर लाटेने नेलंय त्याला मी यिर्मया ऐकवायला जात नाही. अर्नाळा किल्ल्यावर, म्हणजे वसईच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर, समुद्राने घरं नेलेली माणसं आहेत. त्यांना आधी छप्पर हवं, नुकसानभरपाईचा अर्ज भरायला माणूस हवा. तो अर्ज भरून देणं मी उपासनेतच धरतो.

आमच्या विहिरीचं विचाराल तर पाणी अजून मचूळच आहे. जरा कमी, असं बायको म्हणते, मला फरक कळत नाही. येत्या मे महिन्यात पुन्हा गाळ काढायचा आहे, घमेली कमी पडतात.