'फ्लेमेबल' आणि 'इनफ्लेमेबल' यांच्या अर्थात फरक काय?

काहीच फरक नाही. दोन्हींचा अर्थ एकच: चटकन पेट घेणारं. फ्लेमेबल लिहिलेला डबा विस्तवापासून लांब ठेवायचा, मग इनफ्लेमेबलवाला जवळ ठेवला तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. अजिबात ठेवू नका!

सगळा घोळ त्या 'इन'ने घातलाय. इनव्हिजिबल, इनकरेक्ट असले शब्द वाचून 'इन' दिसला की नकार, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. इथला 'इन' मात्र नकाराचा नाही. लॅटिनमधलं 'इनफ्लामारे' म्हणजे पेटवणे. इनफ्लेमेबल तिथून आला. इन्फ्लेमेशन, म्हणजे शरीरात दाह होऊन येणारी सूज, हाही त्याच घराण्यातला. इन्फ्लेमेटरी भाषण तेही याच कुळातलं. पण इन्फ्लेमेटरी म्हणजे भडकवणारं आणि इनफ्लेमेबल म्हणजे भडकणारं. ही जोडी मात्र खरंच वेगळी आहे.

गंमत म्हणजे इनफ्लेमेबल हाच थोरला, सतराव्या शतकाच्या सुरुवातीचा. फ्लेमेबल आला १८१३ च्या सुमारास, आणि नंतर शंभरेक वर्षं त्याला फारसं कुणी विचारलंही नाही. मग १९२० च्या दशकात अमेरिकेतल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने फ्लेमेबलच वापरा असा आग्रह धरला. 'इन' वाचून कुणी निर्धास्त राहिला तर जिवावर बेतायचं, ही भीती. भाषाशुद्धीवाल्यांनी नाकं मुरडली असतील, पण मला हा निर्णय शंभर टक्के पटतो. तुम्हीही लेबलवर फ्लेमेबलच लिहा. न पेटणाऱ्यासाठी नॉनफ्लेमेबल.

फरकच शोधायचा तर फ्लेमेबल आणि कम्बस्टिबल यांच्यात शोधा. द्रवाची वाफ ठिणगी लागताच भडकेल असं सगळ्यात कमी तापमान म्हणजे फ्लॅश पॉइंट. पेट्रोलचा तो उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपास असतो, त्यामुळे कडाक्याच्या थंडीतही ते पेटायला तयारच. डिझेलचा बहुधा पन्नाशीच्या पुढे. अमेरिकेतल्या जुन्या नियमांत ३७.८ अंशांच्या खाली फ्लॅश पॉइंट असलेला द्रव फ्लेमेबल आणि त्यावरचा कम्बस्टिबल, अशी सरळ विभागणी होती. रसायनांच्या वर्गीकरणाची संयुक्त राष्ट्रांची जी पद्धत आहे, ती ९३ अंशांपर्यंतच्या द्रवांना फ्लेमेबलमध्येच धरते. तेव्हा एकच रसायन जुन्या डब्यावर कम्बस्टिबल आणि नव्यावर फ्लेमेबल दिसलं तर गोंधळू नका, आतला माल तोच असू शकतो.