अभिजात संगीताच्या व्यवसायावर प्रबंध लिहायचाय, पण विषय आवाक्यात येत नाही. काय करू?

तुम्ही लिहिलंय की पदव्युत्तर प्रबंधासाठी ‘पाश्चात्त्य अभिजात संगीताचा व्यवसाय’ हा विषय मंजूर झालाय, हातात चार महिने आहेत, आणि जितकं वाचावं तितका विषय पसरत चाललाय. मी याच विषयावर प्रबंध लिहिलाय आणि माझे पहिले दोन महिने असेच गेले. रेकॉर्ड कंपन्या, स्ट्रीमिंग, घटते श्रोते, अनुदानं, सगळंच मी आराखड्यात कोंबलं होतं. गाइडनी तो वाचून विचारलं, “पैसा कोणाच्या खिशातून निघतो आणि कोणाच्या खिशात पोचतो, ते यात कुठे आहे?” प्रबंध मार्गी लागला तो या प्रश्नामुळे.

कारण हा एक व्यवसाय नाहीच. जर्मनीतले बहुतेक ऑर्केस्ट्रा सरकारी पैशावर उभे आहेत. अमेरिकेतल्यांना तिकिटविक्री पुरत नाही, ते देणग्या आणि ठेवींच्या उत्पन्नावर तगतात. एजंट कलाकाराच्या मानधनातून कमिशन घेतो, तर प्रकाशक वादकांच्या स्वरलिपी भाड्याने देऊन कमावतो. यातला एकच पैसा निवडा आणि त्याचा माग काढा.

मी स्ट्रीमिंगचा पैसा निवडला. स्पॉटिफायवर एखादा ट्रॅक ३० सेकंद ऐकला की एक स्ट्रीम मोजला जातो. माहलरच्या तिसऱ्या सिंफनीचा पहिला भाग अर्ध्या तासाच्या आसपास चालतो आणि त्यासाठी अख्खा मोठा ऑर्केस्ट्रा बसवावा लागतो. तरी हिशेबात तो एकच स्ट्रीम, आणि शोपँचं मिनिटभराचं प्रेल्यूडही एकच स्ट्रीम! भर म्हणून २०२४ पासून १२ महिन्यांत किमान १,००० स्ट्रीम न झालेल्या ट्रॅकला तिथे रॉयल्टीच मिळत नाही. एकाच सिंफनीची डझनावारी रेकॉर्डिंग्ज असतात, ऐकणारे त्यांत वाटले जातात. मग छोट्या लेबलच्या, म्हणजे रेकॉर्ड कंपनीच्या, कॅटलॉगमधले किती ट्रॅक या रेषेखाली राहतात? हा प्रश्न एकटासुद्धा प्रबंधाला पुरेल. तुलनेला इडाजिओ आणि प्रायमफोनिक या खास अभिजात संगीताच्या स्ट्रीमिंग सेवा घ्या. या सेवांनी किती सेकंद ऐकलं यावर पैसे द्यायची पद्धत आणली. प्रायमफोनिक २०२१ मध्ये ॲपलने विकत घेतली आणि २०२३ मध्ये ॲपल म्युझिक क्लासिकल आलं.

सिद्धान्त म्हणून सगळेच बॉमोल आणि बोवेन या अर्थतज्ज्ञांना उद्धृत करतात. त्यांनी १९६६ मध्ये मांडलं की बाकीच्या क्षेत्रांत उत्पादकता वाढते, तसे पगारही वाढतात. पण बेथोव्हेनचं स्ट्रिंग क्वार्टेट वाजवायला आजही चारच माणसं आणि तेवढाच वेळ लागतो, त्यामुळे खर्च मात्र चढत जातो. मुद्दा बिनतोड आहे, पण तो मुळात प्रत्यक्ष कार्यक्रमांचा आहे. रेकॉर्डिंगला तो जसाच्या तसा लावला तर परीक्षक तिथेच पकडतील, कारण एकदा केलेलं रेकॉर्डिंग कितीही वेळा विकता येतं. १९८७ मध्ये सुरू झालेल्या नॅक्सॉस या रेकॉर्ड कंपनीचं गणित पाहा: फारसे प्रसिद्ध नसलेले वादक, रॉयल्टीऐवजी एकरकमी मानधन आणि स्वस्त सीडी.

आकडे मिळत नाहीत असं सुरुवातीला मलाही वाटायचं. पण अमेरिकेतले बहुतेक मोठे ऑर्केस्ट्रा ना-नफा संस्था आहेत. त्यांचा ‘फॉर्म ९९०’, म्हणजे करखात्याला द्यायचं वार्षिक विवरणपत्र, कोणालाही फुकट वाचता येतो, आणि त्यात सर्वाधिक मानधन घेणाऱ्यांची नावंही असतात. इंग्लंडमधल्या धर्मादाय संस्थांचे हिशेब तिथल्या चॅरिटी कमिशनकडे खुले असतात. एका वर्षाच्या आकड्यावर मात्र काही बांधू नका. कोणी मृत्युपत्रात मोठी रक्कम ठेवली की तेवढं वर्ष भरभराटीचं दिसतं. निदान पाच-सहा वर्षं ओळीने मांडा.

कॉपीराइटमध्ये एवढं पक्कं ठेवा की बेथोव्हेनची रचना सर्वांना मोकळी असली तरी तिच्या रेकॉर्डिंगवर वेगळा हक्क असतो. युरोपीय संघाने २०११ मध्ये त्याची मुदत ५० वरून ७० वर्षांवर नेली.

मुलाखतींसाठी विद्यापीठाच्या नैतिकता समितीची परवानगी (एथिक्स क्लिअरन्स) आजच मागा, तिला लागणारा वेळ आपल्या हातात नसतो. आणि कोणालाही थेट “तुम्हाला किती मिळतात?” असं विचारू नका. मी पहिल्या तीन मुलाखती याच प्रश्नाने घालवल्या. माणसं सभ्यपणे गप्प झाली. चौथ्या वेळी मी विचारलं, “दहा वर्षांपूर्वीच्या करारात नव्हतं असं कोणतं कलम आता असतं?” त्या व्हायोलिनवादक बाई तासभर बोलल्या आणि शेवटी आपणहून जुना करार काढून त्यातली ओळ दाखवली. माझं तिसरं प्रकरण त्या ओळीपासून सुरू होतं.