मध्ये कुणी नको

प्रिय मुला,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन बारा दिवस झाले. रोज उत्तर लिहायला बसायचे आणि उठायचे, कारण त्यातलं एक वाक्य माझंच होतं, फक्त चाळीस वर्षं जुनं. "बाई, इंग्रजीत बहुतेक सगळं आहेच ना?"

भारत आणि चीन यांचा संबंध किती जुना, किती थोर, आज तो समजून घेणं किती गरजेचं, यावर मी शाई खर्च करणार नाही. ते तुला पटलेलं आहे, नाहीतर तू असा घोळ घालत बसला नसतास. तुझा प्रश्न एवढाच आहे की दोन वर्षं चिनी भाषेत घालवायची, की दिल्लीच्या त्या कार्यालयात रुजू होऊन 'भारत-चीन संबंध' यावर इंग्रजीत अहवाल लिहायला लागायचं. वर काकांचं म्हणणं, शत्रूची भाषा शिकून काय करणार. आणि तुझा स्वतःचा युक्तिवाद, की फोन आता क्षणात भाषांतर करून देतो.

आधी माझी फजिती ऐक.

माझा प्रबंध श्वेनत्सांगवर होता. शाळेत आपण ज्याला ह्यूएन त्संग म्हणून घोकलं, तोच. (त्याचं नावसुद्धा आपल्याकडे युरोपला वळसा घालून आलं, बघ.) 641च्या सुमारास तो आपल्या भागात आला, पुलकेशीच्या राज्यात. त्याने या मुलखाचं नाव लिहिलं आहे 'मो-ह-ला-छा', म्हणजे महाराष्ट्र. इथली माणसं कशी, यावर त्याच्या काही ओळी आहेत. मी त्या इंग्रजीतून वाचल्या. एकोणिसाव्या शतकातल्या त्या भाषांतरात लोकांचा स्वभाव कठोर आणि सूड घेणारा असं म्हटलं होतं. त्या 'सूड घेणारा'वर मी एक अख्खं प्रकरण उभं केलं. चाळीस पानं! तेव्हा एका ज्येष्ठाला विचारलं होतं, चिनी शिकू का? ते हसले. "तुला कुठे चीनला जायचंय? इंग्रजीत सगळं आलेलं आहे." मला ते ऐकून हायसं वाटलं, हे आज कबूल करते. त्यांना दोष देणं सोपं आहे. घरात लहान मूल होतं, तेही कारण सांगता येईल. खरं कारण, मला भीती वाटली. हजारो अक्षरं, कुठून सुरू करणार?

सत्तेचाळिसाव्या वर्षी शिकायला लागले. पन्नाशीत त्या ओळी मुळातून वाचल्या. जिथे माझं 'सूड घेणारा' होतं तिथे दोन अक्षरं आहेत, 'आओ' आणि 'यी'. पहिल्यात गर्व आहे, ताठा आहे. दुसऱ्यात मोकाट सुटणं, बंधन न मानणं. सुडाचा मागमूस नाही. सूड येतो तो पुढच्या आठ अक्षरांत, आणि तिथे तो एकटा येत नाही: यौ अन पी पाओ, यौ य्वान पी फू. उपकार असेल तर फेड होणारच, वैर असेल तर परतफेड होणारच. चार अक्षरं इकडे, चार तिकडे. सांगाडा तोच, फक्त दुसरं आणि चौथं अक्षर बदललेलं. तराजूची दोन पारडी इतकी सारखी की त्याला ही माणसं आवडली की त्यांची धास्ती वाटली, कळत नाही. 'आओ-यी' ही शाबासकी आहे की नापसंती, यावर मी अजून रात्री जागते. आणि आपल्याकडे व्यासपीठावरून हाच उतारा मराठी शौर्याचं प्रमाणपत्र म्हणून वाचतात. त्याच उताऱ्यात पुढे हरलेल्या सेनापतीला शिक्षा न करता बाईचे कपडे देतात आणि तो शरमेने जीव देतो, असं आहे. ते कुणी वाचत नाही. लढाईआधी योद्धे दारू पितात, हत्तींनाही पाजतात, तेही नाही.

माझी चाळीस पानं कुठे गेली असतील ते तुला सांगायला नको. प्रबंध अजून एका ग्रंथालयात आहे. कुणी मागितला की माझ्या पोटात गोळा येतो.

म्हणून सांगते, मध्ये कुणी नको. तू आणि मजकूर. तू आणि माणूस. मध्ये कुणी नको.

यात माझं नवीन काही नाही, हे नातं ज्यांनी उभं केलं ते सगळे असेच हट्टी होते. फाश्यान (शाळेतला फाहियान) 399मध्ये चीनमधल्या छांगआनहून निघाला, तेव्हा तो साठीच्या आसपास होता. त्याला भिक्षूंच्या आचारनियमांची पोथी हवी होती. उत्तरेत सगळं तोंडी चाललेलं, लिहिलेली प्रत मिळेना. पाटलीपुत्रात मिळाली, तेव्हा त्याने काय केलं? दुभाष्या पकडला? तीन वर्षं राहिला, संस्कृत बोलायला-वाचायला शिकला आणि स्वतः नक्कल उतरवून घेतली. साठीनंतर! मी सत्तेचाळिसाव्या वर्षी शिकले म्हणून लोक कौतुक करतात तेव्हा मला त्या म्हाताऱ्याची आठवण येते आणि मी गप्प बसते. यीजिंग नावाचा दुसरा चिनी भिक्षू 671मध्ये समुद्रमार्गे निघाला, तो वाटेत श्रीविजयला, म्हणजे आजच्या सुमात्रात, सहा महिने व्याकरण शिकत थांबला, आणि मागून येणाऱ्यांनाही त्याने सांगून ठेवलं की आधी इथे थांबा, शिका, मग पुढे जा. तू मात्र थेट अहवाल लिहायला निघालायस.

रागावू नकोस. रागावलास तरी चालेल.

श्वेनत्सांगची एक गोष्ट माझी फार लाडकी. 645मध्ये तो परतला, सोबत 657 ग्रंथ. पण येताना सिंधू ओलांडताना नाव हेलकावली आणि काही पोथ्या नदीत गेल्या. पुढे काही वर्षांनी बोधगयेच्या महाबोधी विहारातून प्रज्ञादेव नावाच्या भिक्षूचं पत्र त्याला आलं, सोबत पांढऱ्या सुती कापडाची जोडी. भेट लहान आहे, आमची आठवण आहे एवढं कळावं म्हणून पाठवली, अशा अर्थाचा मजकूर. 654मध्ये श्वेनत्सांगने उत्तर लिहिलं, त्यात काय? खुशाली, आणि मग सिंधूत बुडालेल्या पोथ्यांची यादी: जमल्यास प्रती पाठवाव्यात. परतून नऊ वर्षं झाली होती. सम्राटाचा आश्रय होता, भाषांतराला माणसांचा ताफा होता. आठवणीतून भर घातली असती तर कुणी विचारलं नसतं. पण त्याला मूळ हवं होतं. दोन देशांमधला हा पत्रव्यवहार मी वर्गात वाचून दाखवायचे तेव्हा मागच्या बाकावर कुणीतरी हमखास जांभई द्यायचं. याद्यांवर कुणाला रडू येत नाही. मला येतं.

आता तू म्हणशील, बाई, मग कुमारजीव कोण होता? मधलाच ना? बरोबर पकडलंस. बाप भारतातून गेलेला, आई मध्य आशियातल्या कुचाची राजकन्या. चिनी फौजेने त्याला धरून नेलं आणि ल्यांगचौमध्ये तो सतरा वर्षं अडकून पडला. त्या सतरा वर्षांत चिनी त्याच्या अंगात मुरली, आणि 401मध्ये छांगआनला पोचल्यावर त्याने बौद्ध सूत्रांची जी भाषांतरं केली ती आजही चिनी मठांत म्हणतात. इतका मोठा मधला माणूस दुसरा झाला नाही. आणि भाषांतराबद्दल तोच काय म्हणाला? चावलेला भात दुसऱ्याला भरवण्यासारखं आहे हे. चव जाते ती जातेच, वर ओकारी येते. त्याची भाषांतरं वाचावीत, नमस्कार करावा, आणि त्याचं म्हणणं ऐकून पुढे मुळाकडे जावं.

राहिलं तुझं यंत्र, तो भाषांतर करणारा फोन. सद्धर्मपुंडरीक सूत्राचा दुसरा अध्याय आहे उपायकौशल्याचा. ज्याला जसं समजेल तसं बुद्ध सांगतो, सत्याकडे नेण्यासाठी वाट वाकवतो, ती ही युक्ती. कुमारजीवाच्या भाषांतरात त्याला शब्द आहे 'फांगप्येन'. मी पहिल्यांदा चीनला गेले तेव्हा रेल्वेत समोरच्या आजीबाईंनी नूडल्सचा कागदी डबा काढला, झाकण अर्धं सोललं, गरम पाणी ओतलं, आणि झाकण उडू नये म्हणून त्यात प्लास्टिकचा काटा खोचून ठेवला. झाकणावर तीच दोन अक्षरं. फांगप्येन म्येन, 'सोयीच्या' शेवया. बुद्धाचा उपाय दीड हजार वर्षांत झटपट शेवयांपर्यंत आला होता. थोड्या वेळाने त्या 'फांगप्येन'ला जाऊन येते म्हणाल्या, म्हणजे शौचालयाला. मी एकटीच हसत बसले. फोन तुला तिन्ही ठिकाणी बरोबर अर्थ देईलही. पण हा एकच शब्द आहे हे तो तुला सांगणार नाही, कारण तू विचारणारच नाहीस. काय विचारायचं ते कळायलाच भाषा लागते.

राजकारणात तर मधल्यांचा नुसता सुळसुळाट. टागोर 1924मध्ये चीनला गेले, इंग्रजीत बोलले, कवी श्यू चीमो दुभाष्या. तिथल्या तरुणांतल्या काहींनी विरोधाची पत्रकं वाटली. अध्यात्म नको, आम्हाला यंत्रं आणि क्रांती हवी, असा सूर होता. त्या व्याख्यानांचं पुढे काय झालं यावर वाद घालता येईल. पण 1937मध्ये शांतिनिकेतनात थान युनशान यांच्यासह टागोरांनी चीन भवन उभं केलं, पुस्तकं आणली, भाषा शिकवायला सुरुवात केली. ते टिकलं. मग आलं 'हिंदी-चिनी भाई-भाई'. 29 एप्रिल 1954चा तिबेटविषयीचा करार, ज्यात पंचशील आहे, तो हिंदी, चिनी आणि इंग्रजी तिन्हींत झाला, तिन्ही पाठ सारखेच ग्राह्य. त्याची मुदत आठ वर्षं होती, हे घोषणा देणाऱ्या किती जणांना ठाऊक होतं? जून 1962मध्ये ती संपली. ऑक्टोबरात युद्ध. आणि दिल्ली विद्यापीठात चिनी अभ्यासाचं केंद्र निघालं 1964मध्ये. वरात निघून गेल्यावर घोडं आणलं!

भाषा शिकली असती तर युद्ध टळलं असतं, असलं भाबडं मी बोलणार नाही. सीमा होती, तिबेट होतं, दोन्हीकडचा अहंकार होता. पण समोरचा काय म्हणतोय ते तिसऱ्याकडून कळून घेत आपण लढाईत उतरलो, याची मला लाज वाटते.

म्हणून काकांना सांग, गलवानमध्ये वीस जवान गेले त्याचं दुःख मलाही आहे. शत्रू म्हणत असाल तर उलट जास्त नीट ऐकायला हवं. आणि सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस त्यांना आठवत असतील. 1938मध्ये पाच डॉक्टरांचं पथक चीनला गेलं, बाकीचे परतले, हे राहिले. पुतळ्याला हार घालणारे एवढंच सांगतात. मला मोठं वाटतं ते हे की हा माणूस चिनी शिकला आणि चिनीतून शस्त्रक्रिया शिकवायला लागला. तापाने फणफणलेल्या सैनिकाला कुठे दुखतंय ते विचारताना मध्ये दुभाष्या नव्हता. मुलाचं नाव ठेवलं यिनह्वा. यिन म्हणजे भारत, ह्वा म्हणजे चीन. 9 डिसेंबर 1942ला गेले, बत्तीस वर्षांचे होते.

पलीकडेही असा एक होता. ची श्यानलिन, संस्कृतचे प्राध्यापक. सांस्कृतिक क्रांतीत त्यांना विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या दारावर बसवलं. फोन घ्यायचा, टपाल वाटायचं. त्या काळात त्यांनी चोरून वाल्मीकी रामायणाचं पद्य भाषांतर केलं, कागदाच्या कपट्यांवर ओळी जुळवत. थेट संस्कृतातून. तुला दिल्लीत पंखा, टेबल, पगार मिळणार आहे.

तू विचारलं होतंस, बाई, तुम्ही एवढं शिकलात, मग मोठं पुस्तक का नाही लिहिलंत? कारण उशीर झाला. आणि कारण एकदा चटका बसल्यावर मी एक ओळ लिहायला महिना लावते. समित्यांवर गेले नाही, परिसंवादांना नकार दिले, लोक तिरसट म्हणाले. त्यातल्या निम्म्या ठिकाणी गेले असते तर बिघडलं नसतं, हे आता कळतं. पण सही केलेली चाळीस पानं मागे घेता येत नाहीत रे. त्यापेक्षा न लिहिलेलं बरं, असं मी स्वतःला समजावते. तू हे मनावर घेऊ नकोस. तू लिही. फक्त दोन वर्षांनी लिही.

आणि हो, या पत्रात मी तुला जे जे सांगितलं त्यात मीच मधली आहे, हे लिहिताना माझ्या लक्षात आलं. 'आओ'चा अर्थ मी गर्व लावला. तुला तिथे मान ताठ ठेवणं दिसेल, कदाचित वेगळंच काही.

तुला हवं असलेलं शिफारसपत्र तयार आहे, दोन्ही प्रकारचं: एक दिल्लीसाठी, एक भाषेच्या वर्गासाठी. कुठलं पाठवायचं ते कळव. सोबत त्या उताऱ्याची प्रत जोडते आहे. आठ अक्षरांखाली पेन्सिलीने रेघ मारली आहे. 'यौ' त्यात दोनदा येतं, 'पी'ही दोनदा, म्हणजे शिकायची अक्षरं सहाच. शब्दकोश माझा जुना आहे, पाठीचा कणा निखळलाय, चिकटपट्टी लावून पार्सलात घातला आहे. उघडताना सांभाळून.

तुझी,
बाई