मागे सपोर्ट गाडी असली तर ती राइड खरी म्हणायची का?

'लाँग वे राउंड' ही मोटरसायकल प्रवासाची टीव्ही मालिका बघून तुम्हाला लांबच्या राइडला निघावंसं वाटतंय आणि ओळखीचे बाइकवाले म्हणतात, ते सगळं पैशाचं नाटक, मागे सपोर्ट गाड्या होत्या. सुरुवात कुठून करू, हेही विचारलंय तुम्ही.

नाटक नाही भाऊ. २००४ मध्ये युअन मॅकग्रेगर आणि चार्ली बूरमन हे दोन नट लंडनहून पूर्वेला निघाले आणि कझाकस्तान, मंगोलिया, सायबेरिया, अलास्का करत न्यूयॉर्कला पोचले. तीस हजार किलोमीटरच्या आसपास. गाडी बीएमडब्ल्यूची आर ११५० जीएस, सामान न लादताच अडीचशे किलोच्या घरात. मंगोलियाच्या चिखलात ती आडवी झाली की आपल्यालाच उचलावी लागते.

पण हे वाद घालणारे एका माणसाकडे बघतच नाहीत. क्लॉडिओ फॉन प्लांटा, कॅमेरामन. तोही मोटरसायकलवरच होता. निघण्याआधी लायसन्सच्या परीक्षेत नापास झालेला. दोघं हिरो लांबून येताना दिसतात ना, तो शॉट घ्यायला कुणीतरी आधी पुढे जाऊन थांबलेलं असतं. ते निघून गेले की सगळं आवरून पुन्हा त्यांना गाठायचं. मंगोलियात त्याची बीएमडब्ल्यू बिघडली, ट्रकमध्ये टाकावी लागली, तर गड्याने रशियन इझ प्लॅनेटा घेतली. एका सिलिंडरची टू-स्ट्रोक, आपल्या जुन्या येझदीच्या जातीची. तिच्यावर तो पुढे निघाला. माझ्या लेखी त्या राइडचा खरा रायडर तोच.

हे मला लागतं, कारण आमच्या ग्रुपात मी कायम शेवटचा. स्वीप, म्हणजे मागे पडलेल्याला सांभाळत सगळ्यांच्या मागून येणारा. नागपूरहून पचमढीच्या राइडला सौसर सोडल्यावर सिल्लेवानी घाटात एका नवीन पोराच्या बुलेटची क्लच वायर तुटली. लिव्हरमध्ये बसते त्या गोळीपाशी एकेक तार आधीच सुटत आलेली असणार, कारण सकाळपासून त्याचा क्लच जड लागत होता. पोरगं बिचारं रडकुंडीला आलं. माझ्याकडे जादा वायर होती. टाकी सैल करून तिच्याखालून नवी वायर ओढली, खालचं टोक बसवलं, लिव्हरला थोडा ढिलेपणा ठेवून नट आवळला. मोबाइलच्या उजेडात, कारण तोवर अंधार पडला होता आणि वळणावरून ट्रक अंगावर येत होते.

आमचे लीडसाहेब, म्हणजे सगळ्यांच्या पुढे चालणारे, तेव्हा तामियाला पोचून फोटो टाकत होते. ग्रुप फोटोत आम्ही दोघं नाहीच. नंतर नागपुरात फुटाळा तलावावर चहा पिताना ते सगळ्यांसमोर म्हणाले, "तुम्ही राइड कुठं केली? तुम्ही तर गॅरेज चालवलं." आणि हाच माणूस आज सांगत फिरतो की सपोर्ट घेतला म्हणजे राइड नाही! राजेहो, त्यांच्या प्रत्येक राइडमागे सपोर्ट होता. तो दोन चाकांवर होता आणि फुकट होता, म्हणून त्यांना दिसला नाही.

तेव्हा ग्रुप निवडताना लीडकडे कोणती गाडी आहे ते विचारू नका. स्वीप कोण आहे ते विचारा, आणि मागचा थांबला तर पुढचे थांबतात का, तेही. उत्तर द्यायला कुणी अडखळलं तर एकटे जा.

आता दुसरी बाजूही सांगतो. त्या दोघांकडे पैसा होता, व्हिसा आणि कागदपत्रं बघायला माणसं होती, सायबेरियातल्या काही नद्या त्यांनी गाड्या ट्रकवर चढवून पार केल्या. आपल्याला तसं जमणार नाही. पण तिथल्या पुराच्या पाण्यात गाडी घालणं हा मर्दपणा नाही, आणि ट्रक घेतला म्हणून मी त्यांना कमी लेखणार नाही.

सुरुवात आहे त्या गाडीवर करा. लेह राहू द्या. डिसेंबर-जानेवारीत नागपूरहून सावनेर, छिंदवाडा, तामिया करत पचमढी गाठा. उन्हाळ्यात निघू नका, सावनेर यायच्या आत डोकं तापतं. नवी क्लच वायर घेऊन जुनीच्या शेजारून टाकीखालून आधीच ओढून बांधून ठेवा, म्हणजे तुटली तर दोन्ही टोकं तेवढी बदलायची. आणि सिल्लेवानी उजेड असतानाच पार करा.